जगायला आलेली पाखरं

खोडाळ्यात पाऊस संपल्याची बातमी आकाश देत नाही. इथे आकाशावर कोणी विश्वास ठेवत नाही. भाद्रपदात आठ दिवस कडक ऊन पडतं, माणसं विळ्यांना धार लावतात आणि मग हत्तीचा पाऊस येऊन हळवं भात आडवं करून जातो. खरी बातमी येते ती न्हाणीच्या मागे, जिथे सांडपाणी अळवाच्या मुळाशी जाऊन थांबतं तिथे. एका सकाळी त्या चिखलाच्या कडेला एक सडपातळ पाखरू लांब शेपटी वरखाली हलवत चालत असतं. पाठ राखाडी, शेपटीखाली हळद लावल्यासारखं पिवळं. हा करडा धोबी. कपडे आपटल्यासारखी शेपटी आपटतो म्हणून धोबी. सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो हजर होतो. गणपती कधी ऑगस्टात येतात, कधी सप्टेंबरात. याचं तसं नाही. अधिक महिना त्याला ठाऊक नाही.

परस म्हणजे काही बाग नव्हे, हे शहरातल्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्या परसात तोंडल्याचा मांडव, शेवग्याची दोन झाडं, एक उंबर, शेणाचा उकिरडा, सरपणाची रास आणि कुडाच्या पलीकडे लगेच दुसऱ्याची नागली. त्यापलीकडच्या उतारावर खुरासणी. ऑक्टोबरात खुरासणी फुलली की सगळा उतार पिवळाधमक होतो, आणि मोखाड्याच्या वाटेवरून एस्टीतून जाणारी नवखी माणसं खिडकीतून माना बाहेर काढतात. फुलांवर किडे येतात आणि किड्यांवर पाखरं. शरदातलं परस म्हणजे एवढंच गणित. सरळ आहे, पण माणसाला ते सुटायला दोन हजार वर्षं लागली.

धोब्याला संस्कृतात खंजन म्हणतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त खंजनावर एक अख्खा अध्याय लिहिला आहे. पावसाळ्यानंतर पहिला खंजन कुठे बसलेला दिसला, यावरून बघणाऱ्याचं पुढे काय होईल याचे ठोकताळे त्यात आहेत. शकुनाचा भाग सोडून देऊ. आपल्या कामाची गोष्ट ही, की हे पाखरू वर्षातले काही महिने नसतं आणि मग एकाएकी दिसू लागतं, हे कोणीतरी नीट बघितलं होतं. मग नसतं तेव्हा ते जातं कुठे? उत्तर हिंदुस्थानात समजूत अशी, की खंजनाच्या डोक्यावर शेंडी फुटते आणि शेंडी फुटली की तो कोणाला दिसत नाही. असतो इथेच, पण अदृश्य.

हसू नये. युरोपातले पंडित याहून पुढे गेले होते. अॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं की थिरथिऱ्याच्या जातीचं एक पाखरू हिवाळ्यात रॉबिन बनतं, आणि पाकोळ्या बिळांत पिसं गाळून पडून राहतात. १५५५ साली ओलाउस मॅग्नस नावाच्या स्वीडिश धर्मगुरूने आपल्या ग्रंथात चित्रच छापलं: कोळी तळ्यातून जाळं ओढताहेत आणि जाळ्यात माशांबरोबर पाकोळ्यांचे गठ्ठे. पाकोळ्या हिवाळाभर चिखलात झोपतात, हे त्यानंतरही दोनशे वर्षं शिकल्या-सवरल्या माणसांना खरं वाटत होतं. चिखलात झोपणाऱ्या पाकोळीपेक्षा आपला शेंडीवाला अदृश्य खंजन मला तरी बरा वाटतो.

पुरावा आला तो १८२२ साली, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या क्ल्यूट्झ गावात. तिथे एक पांढरा करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आरपार एक भाला होता, ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास लांब, आणि लाकूड होतं मध्य आफ्रिकेतलं. म्हणजे हा पठ्ठ्या आफ्रिकेत भाला खाऊन, तो मानेत घेऊनच जर्मनीला परत आला होता. अजून तो रोस्टॉकच्या विद्यापीठात पेंढा भरून ठेवलेला आहे. पाखरं खरोखर खंड ओलांडून जातात, हे एका जखमी करकोच्याने दाखवून दिलं.

भाल्याची जागा पुढे वाळ्याने घेतली. डेन्मार्कमध्ये व्हिबोर्ग नावाचं गाव आहे. तिथले शाळामास्तर हान्स ख्रिश्चन मॉर्टेनसेन यांनी १८९९ साली १६५ साळुंक्यांच्या जातीच्या पाखरांच्या पायात अॅल्युमिनियमची वाळी घातली. वाळ्यावर आकडा आणि गावाचं नाव. आधी त्यांनी जस्ताची करून पाहिली होती, ती जड झाली. जगभर आज पाखरांना वाळी घालतात ती रीत त्या मास्तरांपासून पक्की झाली. ही गोष्ट माझ्या वडिलांना फार आवडायची. तेही मास्तरच होते. मूळचे वाड्याकडचे, नोकरीने खोडाळ्याला आले आणि राहिले. "बघ, शाळामास्तराने केलं," असं दर वेळी म्हणत, जणू व्हिबोर्ग आमच्या केंद्रातलीच एखादी शाळा.

आपल्याकडे ही वाळी १९२६ च्या सुमारास आली, धार संस्थानात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून मुंबईत होतीच. धारच्या पवार महाराजांच्या मदतीने सोसायटीने तिथल्या तळ्यांवरच्या बदकांना वाळी घालायला सुरुवात केली. काम मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं ते मात्र १९५९ नंतर, आणि त्याचं कारण पाखरांचं प्रेम नव्हे, ताप हे होतं. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासानूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, मग माणसंही. रोगाचा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या जवळचा निघाला. मग शंका आली की उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांच्या अंगावरच्या गोचिड्यांनी तर हा आणला नसेल? जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि सालिम अलींच्या देखरेखीखाली देशभर जाळी लागली, वाळी घातली जाऊ लागली. पाखरांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. पण त्या निमित्ताने भरतपूरला वाळी घातलेली बदकं सायबेरियात सापडली, आणि आपल्या तळ्यातलं पाहुणं कुठल्या गावचं, ते कागदावर आलं. वाळ्यावर इंग्रजीत कोरलेलं असायचं: मुंबईच्या सोसायटीला कळवा.

सालिम अलींनी लिहिलेली एक हकीकत या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते, कारण ती धोब्याची आहे. मुंबईच्या उपनगरात एका बागेतल्या लहानशा हिरवळीवर वाळा घातलेला एक करडा धोबी लागोपाठ काही वर्षं दर सप्टेंबरात येत राहिला. हिमालयातल्या ओढ्याकाठचं घरटं सोडून जवळजवळ दोन हजार किलोमीटर, तेही बहुतेक रात्री उडत, आणि उतरायचं ते त्याच अंगणभर हिरवळीवर. ही हकीकत वाचल्यावर आमच्या न्हाणीमागच्या धोब्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. तोवर मला वाटे, दर वर्षी एक धोबी येतो. हा दर वर्षी *तोच* धोबी असू शकतो, हे कळल्यावर मी त्याला सांडपाण्यावरून हाकलायचं सोडलं.

बाबा धोब्याची तारीख कालनिर्णयवर लिहीत. त्या चौकोनात तिथी, नक्षत्र, एकादशी आणि दुधाचा हिशोब यांच्यामधून जागा उरेल तेवढ्यात: "धोबी आला." मग ऑक्टोबरात "थिरथिऱ्या." हा दुसरा पाहुणा, दसरा ते दिवाळीच्या मधे येणारा. नर काळा, पोट विटकरी. मादी मातकट, नुसतं शेपटीखाली तांबूस. सरपणाच्या राशीवर बसतो आणि बसल्या बसल्या शेपटी थरथरवतो, हिवताप भरल्यासारखा. तो हिमालयापलीकडून, मध्य आशियाच्या उघड्या डोंगरांतून येतो. त्याच सुमारास नागलीच्या कापलेल्या ताटांवर गप्पीदास दिसायला लागतो. कोणी ठेवलं हे नाव कोण जाणे, पण ठेवणाऱ्याने त्याला काटकीवर बसून एकटंच टक्-टक् बडबडताना नक्की ऐकलं असणार. उंबरात लाल कंठाचा माशीमार. विजेच्या तारेवर माळभिंगऱ्या, सुतळीवर कपड्यांचे चिमटे लावावेत तशा. मारुती चितमपल्लींच्या 'पक्षीकोशा'त यांतल्या एकेका पाखराला किती नावं दिली आहेत ते बघावं. मुलुखामुलुखातून लोकांनी किती बारीक पाहिलं होतं, ते त्यावरून कळतं.

येणाऱ्यांचं कौतुक होतं, जाणाऱ्यांकडे लक्ष जात नाही. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेहून आलेला चातक शरदात परत फिरतो. नवरंग मृगाच्या आगेमागे येऊन करवंदीच्या जाळीत दोन सुरांत शीळ घालत असतो, तोही ऑक्टोबरात दक्षिणेला, पार श्रीलंकेपर्यंत उतरतो. शीळ थांबली हे चार-आठ दिवसांनी लक्षात येतं. आणि दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ म्हणतात तो नीलकंठ. तो परदेशी नाही, पण आमच्याकडचा पाऊस त्यालाही झेपत नाही. पावसाळाभर कुठे देशावर काढतो आणि बरोबर दसऱ्याच्या सुमारास तारेवर येऊन बसतो. शुभशकुनाचं मूळ मला तरी यातच दिसतं. तो दिसला म्हणजे पाऊस गेला, वाटा मोकळ्या झाल्या.

सगळ्यांत चकित करणारा प्रवासी पाखरू नाहीच. सप्टेंबर-ऑक्टोबरात परसावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. आम्ही पोरं त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचो. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाला प्रश्न पडला की गोड्या पाण्याचं तळं नसलेल्या आपल्या बेटांवर दर ऑक्टोबरात एवढे चतुर येतात कुठून. २००९ साली त्यांनी मांडलं की हे भारतातून येतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन पुढे आफ्रिकेत जातात. बोटाएवढा किडा, समुद्र ओलांडून! आणि त्यांच्याच वाटेने, त्यांना खात खात, अमूर ससाणे जात असावेत असाही एक अंदाज आहे. हे ससाणे सायबेरियाच्या आग्नेय टोकातून दक्षिण आफ्रिकेत जातात. २०१२ साली नागालँडात दोयांग धरणाकाठी ते हजारोंनी जाळ्यात धरून मारले गेले तेव्हा देशभर ओरड झाली. पुढच्याच वर्षी पांगती गावच्या लोकांनी शिकार बंद केली, आणि तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रं बसवली गेली. एकाचं नावच पांगती ठेवलं. ते महाराष्ट्रावरून उडत अरबी समुद्रावर गेले आणि न थांबता सोमालियाला पोचले. लोणावळ्याच्या पठारावर नोव्हेंबर-डिसेंबरात हे ससाणे पाहायला माणसं दुर्बिणी घेऊन जमतात. आमच्या सूर्यमाळच्या माथ्यावर तसं कोणी जमत नाही. त्या दिवसांत माथ्यावरच्या पाड्यांत मुळात माणसंच कमी असतात.

इथे मला बाबांच्या कालनिर्णयकडे परत जायला हवं. त्या पानांवर पाखरांखेरीज आणखी एक नोंद असे. नोव्हेंबरच्या पानाच्या मागे, जिथे पाककृती आणि लेख छापतात, त्याच्या समासात आकडे: "३८. ३१. २२." हा त्यांच्या वर्गाचा पट. दिवाळी झाली की मोखाडा-जव्हारमधली कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, नाहीतर रेती आणि बांधकामांवर जातात. नागली, वरई, भात घरात आलं की ते किती दिवस पुरेल हे घरच्या बाईला कणगीकडे बघून कळतं. दिवाळीच्या आत मुकादम फिरून बयाणा देऊन जातो. तो घेतला की जायचंच. आईबाप गेले की पोरंही जातात. मोठी पोर लहान भावंडाला सांभाळायला, आणि दहा-बारा वर्षांचा पोरगा विटा उलटवायला. या जाण्याला इकडे कोणी 'स्थलांतर' म्हणत नाही. तो सरकारी आणि पक्ष्यांच्या पुस्तकातला शब्द. इकडे म्हणतात, "जगायला गेले."

लहानपणी माझ्या बाकावर कातकरी पाड्यातला एक मुलगा बसे. पाखरांचं मला जे काही येतं त्याचा पाया त्याने घातला. गलोल त्याच्या कमरेला कायम. झाडात पाखरू दिसायच्या आधी, नुसत्या फांदीच्या हलण्यावरून, तो कोणतं ते सांगायचा. बाबांनी वाळ्याची गोष्ट वर्गात सांगितल्यापासून तो आणि मी मेलेल्या प्रत्येक पाखराचे पाय तपासत असू. एकदा त्याने थिरथिऱ्या पाडून आणला. हातावर तो एवढासा, गरम. पाय काडीसारखे आणि मोकळे. "वाला नाय," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ तो गलोलीला हात न लावता बसला होता. कायदा १९७२ चा आहे, पण तो आमच्या परसात पोचला नव्हता. त्या दिवशी थिरथिऱ्याच्या रिकाम्या पायांनीच काय ते काम केलं. दिवाळीनंतर बाकावर मी एकटा. पुढच्या वर्षी तो आला, त्याच्या पुढच्या वर्षी आला नाही.

त्याच वर्षांतली एक संध्याकाळ मला आठवते. शेजारची मावशी उद्या भट्टीवर जायची म्हणून कोंबड्या आमच्याकडे ठेवायला आली होती. बाबा पायरीवर बसून मला सांगत होते की पाखरं थंडीला भिऊन येत नाहीत. पिसं असली की थंडीचं काही वाटत नाही. बर्फ पडला की किडे मरतात, ओढे गोठतात, दिवस लहान होतो आणि तेवढ्या उजेडात पोट भरत नाही. म्हणून ती निघतात. मावशी ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी गुरुजी, ती पन जगायाच येतात की." बाबा एवढे बोलके, पण यावर त्यांना काही बोलता आलं नाही. ते उठून कोंबड्यांचा खुराडा बघायला गेले.

मी यावर पुढे पुष्कळ विचार केला. मावशीचं वाक्य बरोबर आहे आणि एका जागी नाहीही. धोब्याला बयाणा कोणी देत नाही. तो येतो तेव्हा मागे कोणाचं देणं ठेवून येत नाही, आणि परत जाताना त्याला कोणी अडवत नाही. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, भट्ट्यांवर विधायक संसदेने 'भोंगाशाळा' चालवल्या, मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. या प्रत्येकाने थोडीथोडी पोरं वर्गात राहिली, हे बाबांच्या आकड्यांत दिसतं. आकडे पूर्वीइतके खाली जात नाहीत, पण जातात. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. त्या वर्षीच्या कालनिर्णयवर धोबी आहे, थिरथिऱ्या नाही. ती पाखरं तर आली असणारच.

रात्रीच्या प्रवासाबद्दल एक राहिलं. लहान पाखरं बहुतेक रात्री उडतात; दिवसा खातात. १९५० च्या आसपास अमेरिकेत लुईझियानाच्या जॉर्ज लोरी यांनी युक्ती काढली, पौर्णिमेच्या चंद्रावर दुर्बीण लावायची आणि समोरून जाणारे काळे ठिपके मोजायचे. हे वाचल्यावर आम्ही एका कोजागरीला परसात खाट टाकून तसं करून पाहिलं. आटीव दूध होतं, दुर्बीण पाहुण्याकडून मागून आणलेली. दोन तासांत तीन ठिपके गेले. एक नक्की वाघूळ होतं. उरलेल्या दोघांबद्दल बाबा आणि मी पुढे कित्येक वर्षं वाद घातला; ते म्हणत पाखरू, मी म्हणे पाकट वटवाघूळच. आता मला वाटतं, वाद चालू राहावा असंच त्यांना हवं होतं.

२०२० पासून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात, चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. चांगली गोष्ट आहे. आमच्याकडे तो कधी दिवाळीच्या सुटीत सापडतो, कधी सुटी संपता संपता, म्हणजे ज्यांना पाखरं सर्वांत जास्त कळतात ती पोरं टेम्पोत बसत असतात तेव्हा. गेल्या खेपेला मी शाळेत जाऊन थिरथिऱ्याबद्दल बोललो. समोरच्या पोरांना तो ठाऊक होता. एकीने सांगितलं की तो भट्टीवरही असतो, विटांच्या थरावर बसतो, अशीच शेपटी हलवतो. हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. मी ते त्या दिवशीच्या चौकोनात लिहून ठेवलं.

बाबा गेल्यावर कालनिर्णयच्या गुंडाळ्या लोखंडी पेटीत सापडल्या, सुतळीने बांधलेल्या. मी पाखरांच्या तारखा पुढे चालू ठेवल्या आहेत. न्हाणीला आता पाइप आहे, सांडपाणी शोषखड्ड्यात जातं, त्यामुळे धोबी टाकीच्या ओघळावर असतो. पटाचे आकडे मात्र माझ्याकडे नाहीत, मी मास्तर नाही. म्हणून दर नोव्हेंबरात आताच्या गुरुजींना विचारतो. पहिल्या वर्षी त्यांनी, कशाला हवेत, असं विचारलं होतं. आता ते स्वतःच फोन करतात, आणि आकडा सांगितल्यावर विचारतात, "तुमचा तो शेपटीवाला आला का?"